आमची वाटचाल : पाट्या रंगवण्यापासून पाट्या धुण्यापर्यंत

आमच्या घरात पाट्यांचा धंदा सासऱ्यांनी आणला. चिपळूणच्या बाजारपेठेत ते पेंटर होते. पत्र्यावर रेड ऑक्साइडचा हात, त्यावर ऑइलपेंटची जमीन, मग खडूच्या दोरीने रेघा मारून अक्षरं. फ्लेक्स आलं आणि ब्रश खुंटीला लागले. माझ्या मिस्टरांनी कर्ज काढून व्हिनाइलची, म्हणजे चिकटवायच्या प्लॅस्टिकची, अक्षरं कापायचं कटिंगचं मशीन घेतलं. पाटी धुऊन देणं हे काम असू शकतं, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो. जुनी खराब झाली की नवी करायची, त्यावर तर आमचं घर चालायचं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. २००५ चा पूर बघितलेली माणसंसुद्धा हबकली. पाणी ओसरल्यावर बाजारपेठेतल्या पाट्या चिखलाने सारख्या तपकिरी झालेल्या. माल गेलेला, फर्निचर गेलेलं, नव्या बोर्डाला पैसे कुठून आणणार? लोक आमच्याकडे यायला लागले, ‘वहिनी, हीच धुऊन निघेल का?’

निघते, पण गाळ ओला असेपर्यंत. गाळात बारीक वाळू असते. वाळल्यावर कोरडं फडकं मारलं तर पॉलिशपेपर फिरवल्यासारखे ओरखडे उठतात. म्हणून आधी नुसतं पाणी, वरून खाली, हात न लावता. चिखल आपला आपण सुटू द्यायचा. मग साबणाचं पाणी आणि मऊ स्पंज. ग्लो साइन, म्हणजे आतून दिवे लागणारी पाटी, असेल तर मेन स्विच बंद, आणि आतून पूर्ण वाळल्याशिवाय चालू करायचं नाही. एवढंच तंत्र, पण तेवढी सबुरी त्या दिवसांत कुणाकडे नव्हती. त्या पावसाळ्यात आम्ही नवे बोर्ड फारसे केलेच नाहीत, धुतले.

पुढे गुहागर, दापोलीकडच्या बंगल्यांची आणि रिसॉर्टची कामं यायला लागली आणि खरी शाळा तिथे झाली. आमच्याकडे कामाला असलेल्या मुलांना मी एकच सवय लावली आहे. शिडी लावण्याआधी विचारायचं, पाटी कशाची आहे? डाग कसला, ते नंतर.

अ‍ॅक्रिलिक सर्वांत नाजूक. असतं प्लॅस्टिक, पण दिसतं काचेसारखं, म्हणून लोक काच पुसायचा स्प्रे नाहीतर थिनर मारतात. गुहागरच्या एका बंगल्यात रखवालदाराने फाटकावरच्या पाटीचे रंगाचे शिंतोडे थिनरने काढले होते. शिंतोडे गेले, पण अक्षरांच्या कडांभोवती केसांसारख्या बारीक चिरा पडल्या. त्या कशानेच जात नाहीत. एसीपी त्या मानाने सोशिक. मात्र तो अ‍ॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि मधे प्लॅस्टिक असा असतो. गाड्या धुवायचं प्रेशर मशीन त्याच्या कडेवर धरलं की पाणी आत शिरतं, आणि व्हिनाइलच्या अक्षरांचे कोपरे सुटतात ते वेगळंच.

स्टेनलेस स्टीलची अक्षरं ‘गंजत नाहीत’ म्हणून विकली जातात. समुद्राकाठी ३०४ या नेहमीच्या ग्रेडच्या स्टीलवर चहा सांडल्यासारखे तपकिरी ठिपके येतातच, खारं वारंच तसं. ३१६ जास्त टिकतं, महागही पडतं. ठिपके घालवायला कुणी तारेची घासणी घेतली की तिचे लोखंडी कण स्टीलवर बसतात आणि तेच गंजतात. गोड्या पाण्याने वरचेवर धुणं, कोरड्या कपड्याने पुसणं, याला दुसरा उपाय नाही.

पितळेचं काम माझं आवडतं. चिंच लावायची, चोळायचं, लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडं करायचं. अक्षरांच्या खाचांत अडकलेलं पॉलिश जुन्या टूथब्रशने काढायचं. पण वर लॅकरचा, म्हणजे चमक टिकवणारा पारदर्शक, थर असेल तर चिंचही नको आणि पॉलिशही नको. लॅकर कुठे जातं, कुठे राहतं आणि पाटी चट्ट्यापट्ट्यांची होते.

दगडात कडप्पा आणि संगमरवर दोन्ही चुन्याच्या जातीचे, बाथरूमचं अ‍ॅसिड त्यांना खातं. तरी दर वर्षी कुणीतरी ते ओततंच. वास्तुशांतीनंतर संगमरवरी पाटीवर हळदीची बोटं उमटलेली असतात. साबण लावला की ती लालभडक होतात आणि घरची मंडळी घाबरून फोन करतात. मी सांगते, काका, धुऊन घ्या आणि ऊन लागू द्या. हळदीचा रंग उन्हाने उडतो. अशा फोनचे पैसे काय घेणार?

फ्लेक्स आम्ही शक्यतो धुऊन देत नाही. आमच्या पावसात त्यावर काळी बुरशी धरते. ती निघेपर्यंत छपाईचा रंगही निघतो, आणि धुण्याच्या पैशात नवं फ्लेक्स येतं. हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितलेलं बरं. मिस्टरांना हे पटायला वेळ लागला, ते म्हणायचे आलेलं काम परत का पाठवायचं?

२०२२ मध्ये कायदा बदलला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा तर रांगच लागली. पुष्कळांनी बोर्ड तोच ठेवून इंग्रजी अक्षरं काढायला सांगितली. हेअर ड्रायरने गरम केलं की व्हिनाइल अलगद सोलून येतं. मागे राहते जुन्या नावाची सावली. ‘एवढी धुऊन द्या ना’ असा हट्ट होतो. पण ती सावली म्हणजे घाण नव्हे. अक्षराखालचा रंग ऊन न लागल्याने ताजा राहिलेला असतो आणि भोवतालचा विटलेला. ती धुऊन जायची नाही. मराठी अक्षरं थोडी मोठी घेऊन ती झाकायची, एवढंच करता येतं. ते काम मिस्टर करतात. कटिंगचं मशीन अजून चालू आहे.

सगळ्यात गर्दी दसऱ्याच्या आधी. खंडेनवमीला पाटी स्वच्छ हवी असते आणि ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत असतं. तापलेल्या पाटीवर साबण जागीच वाळतो आणि ओघळ उठतात. म्हणून त्या दिवसांत आम्ही सकाळी दहाच्या आत नाहीतर उन्हं कलल्यावरच येतो. दुपारची वेळ कृपया मागू नका.