तिन्ही पास, तरी पिवळी पट्टी

सांगलीत मार्केट यार्डाच्या आसपासच्या पेढ्यांची कॉम्प्युटर, नेट, मेल अशी कामं मी बघतो. त्यातली ही एक केस, सांगायलाच पाहिजे अशी.

बेदाण्याचे एक जुने व्यापारी आहेत, मी त्यांना काका म्हणतो. त्यांचा फोन आला, "अरे लवकर ये, चेन्नईच्या पार्टीनं पेमेंट थांबवलंय, आमचा मेल बनावट म्हणतायत." आवाजच बसलेला. माल कधीच रवाना झालेला.

झालं होतं असं, की वर्षानुवर्षं सगळा व्यवहार काकांच्या जीमेलवरनं चालायचा, आता मुलानं फर्मच्या नावाचं नवीन डोमेन, म्हणजे मेल पत्त्यात @ च्या पुढं येणारं स्वतःचं नाव, घेतलं आणि पहिलाच मेल त्यावरनं गेला. चेन्नईच्या अकाउंटंटला औटलुकमध्ये वर पिवळी पट्टी दिसली, की हा पाठवणारा तुम्हाला आधी मेल पाठवणाऱ्यासारखा दिसतो, पण तोच असेल असं नाही. डोमेनवाल्या कंपनीच्या हेल्पडेस्कनं कळवलं, तुमच्या मेलच्या तपासण्या सगळ्या पास आहेत, समोरच्याला व्हाइटलिस्ट करायला, म्हणजे तुमचे मेल न अडवता आत घ्यायला, सांगा. बास.

मी चेन्नईवाल्यांकडनं तो मेल जसाच्या तसा अटॅचमेंट म्हणून मागवला आणि हेडर, म्हणजे मेलसोबत येणारी तांत्रिक माहिती, उघडला. पाठवणाऱ्या डोमेनच्या तीन तपासण्या असतात: एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. म्हणजे हेल्पडेस्क खोटं बोलत नव्हता. पण खाली एक्स-फोरफ्रंट-अँटीस्पॅम-रिपोर्ट नावाची लांबलचक ओळ असते, ती कुणी वाचतच नाही, त्यात कॅट, म्हणजे मेलचा प्रकार, त्याच्या पुढं जीआयएमपी लिहिलेलं. म्हणजे औटलुकवाल्या मायक्रोसॉफ्टच्या फिल्टरनं त्या अकाउंटंटचा नेहमीचा पत्रव्यवहार कुणाशी असतो ते बघून ठरवलं, की नाव ओळखीचं आहे पण पत्ता नवा, कुणीतरी सोंग घेतलं असणार.

काकांना मी एवढंच सांगितलं, गाडीची एमएच १० ची नंबरप्लेट खरी आहे हे नाक्यावर कळतं, आत माल काय भरलाय ते नाही कळत. त्या तीन तपासण्या फक्त मेल खरंच त्या डोमेनकडनं आलाय का आणि वाटेत कुणी बदललाय का तेवढंच बघतात. फसवणारा माणूससुद्धा तुमच्या नावासारखं डोमेन विकत घेतो, त्याला तिन्ही लावतो आणि पास होतो. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगलनं जीमेलला रोज ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं, तेव्हापासून बऱ्याच जणांना वाटायला लागलंय की हे लावलं की आपण विश्वासू. तसं नसतं.

मग मूळ मेल वाचला आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. डोमेन अगदी ताजं. रिप्लाय-टू मध्ये, म्हणजे उत्तर जिथं जाणार तिथं, भलताच पत्ता, जुना जीमेलच. इनव्हॉइस पासवर्डवाल्या झिपमध्ये, म्हणजे आत काय आहे ते स्कॅनरला उघडताच येत नाही. आणि मजकूर काय, तर "आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट नवीन खात्यात करावं." काकांचा शब्द न् शब्द खरा होता, पण व्यापाऱ्यांना लुबाडणारे मेल हुबेहूब असेच असतात. त्या अकाउंटंटनं पैसे थांबवले ते अगदी बरोबर केलं, असं मी काकांच्या तोंडावर सांगितलं. सुरुवातीला पटलं नाही त्यांना, "आमच्यावर संशय घेतो व्हय?" म्हणाले, मग मी एकेक ओळ दाखवली तेव्हा गप्प बसून वाचत राहिले.

व्हाइटलिस्ट करा म्हणून मी कधीच सांगत नाही. उद्या काकांचं खातं खरंच हॅक झालं तर चेन्नईवाल्यांच्या दाराला कडीच राहणार नाही.

काकांनी स्वतः फोन लावला, अकाउंटंटकडं आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवरनं, आणि खातं बोलून पक्कं केलं. जुन्या जीमेलवरनं नवीन पत्ता कळवला. रिप्लाय-टू काढला, झिप काढून साधी पीडीएफ लावली. चेन्नईहून नवीन पत्त्यावर उत्तरं यायला लागली, चार मेल इकडचे तिकडं झाले आणि पट्टी यायची बंद झाली. पेमेंटही आलं.

आता काकांच्या प्रत्येक इनव्हॉइसखाली मराठी-इंग्रजीत छापलेलं असतं, खातं बदललं तर आम्ही फोन करून सांगू, नुसत्या मेलवर पैसे पाठवू नका.