पिकअपचा अर्थ लागला

पिरनवाडीत खानापूरचा आणि जांबोटीचा रस्ता वेगळा होतो. तिथून जांबोटीच्या अंगाला थोडं पुढं गेलं की माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. मध्यरात्रीनंतर बेळगाव भागातल्या पिकअप कोबी, फ्लॉवर, ढबू मिरची भरून ह्याच रस्त्यानं कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरतात आणि गोव्याला जातात. येताना बऱ्याच जणांकडं मासळी असते. ही मासळी पुढं गोष्टीत येणार आहे.

गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले असतील. दुपारी तीनला २००४ ची एक पिकअप दारात लागली. मालक कडोलीचे, पन्नाशीचे मामा. खाली उतरायच्या आधीच सुरू झाले, "मिस्त्री, भूत बसलंय हिच्यात. ब्रेक मारला की डावा इंडिकेटर मिणमिणतोय. रात्री लाईट लावून ब्रेक मारला तर टेल लाईटच जातीय. मागनं कोण येऊन ठोकला तर काय करू?"

आधी तिघांनी हात घातला होता. बल्ब दोनदा बदलले, फ्लॅशर बदलला, एकानं ब्रेकचा स्विच नवा घातला. मामांचे दीड-दोन हजार गेले आणि भूत होतं तिथंच.

माझे वस्ताद म्हणायचे, ज्या गाडीला अर्थ नाही तिच्याशी वाद घालू नये. आमच्या धंद्यात अर्थ म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडं परत जायची वाट, म्हणजे चॅसी, गाडीचा लोखंडी सांगाडा. मागच्या बल्बात दोन फिलॅमेंट असतात, ५ वॉटचं टेलचं आणि २१ वॉटचं ब्रेकचं. दोन्हींची परतीची वाट एकच. ती तुंबली की ब्रेकचा करंट टेलच्या फिलॅमेंटमधून उलटा घुसतो, इंडिकेटरच्या वायरीत शिरतो. मामांना विचारलं, "पाटाचं तोंड गाळानं बुजलं तर पाणी काय करतं?"

"शेजाऱ्याच्या वावरात शिरतं की."

"मग तेच झालंय."

अर्थ आधीच्या मिस्त्र्यांनीही बघितला होता, त्यांना मी नावं ठेवत नाही. मीटर बझरवर ठेवून टोचला की 'टूं' वाजतं आणि अर्थ चांगला आहे असं वाटतं. पण वायरीचा एक केस, म्हणजे आतली एक बारीक तार, जरी शिल्लक असला तरी बझर वाजतोच. लोड टाकल्याशिवाय, म्हणजे बल्ब पेटवून करंट ओढल्याशिवाय, ह्या वायरी खरं बोलत नाहीत. म्हणून दुकानातल्या पोराला ब्रेक दाबून बसवलं. मीटरचा काळा टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक डाव्या होल्डरच्या पत्र्याला. ०.२ व्होल्टच्या आत यायला पाहिजे. आले ५.८.

गाडीखाली शिरलो. डाव्या मागच्या चाकाच्या वर, चॅसीच्या बोल्टला अर्थचं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी. हौद्याच्या फळ्यांमधून मासळीच्या बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं नेमकं त्यावर ठिबकलेलं. थिंबल नव्हतंच, हिरव्या भुकटीचा गोळा होता. बोटानं दाबला तर चुरा झाला आणि बांगड्याचा वास नाकात गेला. वायरीचे दोन केस तेवढे धरून होते.

वायर मागं कापत गेलो. वीतभर आत गेल्यावर तांबं लाल लागलं. नवी वायर जोडली, सोल्डरिंगचा डाग दिला, चॅसी पॉलिश पेपरनं चकचकीत घासली आणि थिंबल हौद्याचं पाणी पोचणार नाही अशा जागी बसवून वर ग्रीस चोपडलं. मीटर ०.०८. ब्रेक मारला, भूत गेलं.

जाता जाता फ्यूजचा डबा उघडला. टेलच्या फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार. मी ती उपटून १० अँपियरचा फ्यूज घातला, मामांना चार शब्द सुनावले आणि पैसे घेऊन त्यांना लावून दिलं. तार कुणी घातली हे विचारलं. का घातली हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही, तिथं चुकलो.

रात्री साडेबाराला शटर वाजलं. बाहेर भुरभूर पाऊस, गाडीत चळत लावलेला कोबी, आणि मागं अंधार. "मिस्त्री, तुझा फ्यूज एका स्पीड ब्रेकरला गेला बघ. म्हापशाला पहाटेच्या आत पोचायचंय. ती तार दे की परत!"

तार दिली असती तर मामा गेले असते, आणि घाटाच्या धुक्यात हौद्याखाली वायरिंग पेटलं असतं. वायर कुठंतरी चॅसीला घासत होती. रिकाम्या गाडीत लागत नव्हती, माल भरून हौदा दबला की टेकायची. जाड तार ते मुकाट सोसत होती, म्हणून कुणाला कळलं नव्हतं.

मागचे बल्ब काढले आणि फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडला. आता शॉर्ट झाला तर फ्यूज उडायच्या ऐवजी बल्ब पेटणार. पोरगा कित्तूरकडचा, त्याला बल्बापाशी बसवलं आणि मी चिखलात पाठ टेकून टॉर्च तोंडात धरून वायरिंग वीत वीत हलवत निघालो. केबिनमागं काही नाही. डिझेल टाकीपाशी काही नाही. मधल्या आडव्या पट्टीच्या भोकाशी हात गेला आणि वरनं पोरगा ओरडला, "अण्णा, बंतु! बंतु!" कानडीत बंतु म्हणजे आलं.

भोकाचं रबरी बूच कधीच पडलं होतं. पत्र्याच्या धारेनं वायर सोलून काढली होती, मुगाएवढं तांबं उघडं. आजूबाजूच्या दोन वायरींची कातडी वितळून एकमेकींना चिकटलेली. तेवढा तुकडा बदलला, जुन्या ट्यूबचा रबर कापून भोकात बसवला. दोन वाजता मामा सुटले. मागचे दोन्ही लाल दिवे वळणापर्यंत दिसत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले, मासळी घेऊन. मी आधी खाली वाकून थिंबल बघितलं. पाणी वीतभर लांब ठिबकत होतं. मामांनी कागदात सहा बांगडे गुंडाळून दिले. पोरगा लिंगायत, तो नाकाला रुमाल लावून थेट रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहिला.