सादळलेला डायस्टोन बदलून घेताना: माझा अनुभव

खराब माल बदलून हवा असेल तर आमच्या कॉलेजात एक अर्ज भरावा लागतो. त्यात बॅच नंबरचा रकाना आहे. आणि स्टोअरमधून आमच्या लॅबला डायस्टोन (दाताची कठीण प्रत ओतायची जिप्समची पावडर) येतो तो साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, किलोकिलोने तोलून, वर रबर लावून. मूळ गोणी स्टोअरमध्येच फोडतात, लेबलही तिथेच राहतं. मग नंबर मी आणायचा कुठून? एवढ्याशा प्रश्नावर गेल्या वर्षीचा जवळजवळ अख्खा पावसाळा गेला. राग अजून उतरलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. दुसऱ्या कुणा टेक्निशियनला तरी उपयोग होईल.

मी मुंबईजवळच्या एका डेंटल कॉलेजच्या लॅबमध्ये क्राउन-ब्रिजचं, म्हणजे दातावर बसवायच्या टोप्यांचं आणि जोडून बसवायच्या दातांचं, काम करते. डॉक्टरांनी घेतलेल्या मापात, म्हणजे दातांच्या साच्यात, आम्ही पावडर-पाणी कालवून ओततो. घासलेल्या दाताची जी हुबेहूब प्रत निघते ती डाय. तिच्यावर मेणाचा क्राउन घडवायचा, मग धातूचा. डायची कड, म्हणजे मार्जिन, जरा जरी झिजली तरी क्राउन तोंडात नीट बसत नाही, आणि बोल येतो टेक्निशियनच्या हातावर.

जुलैत तेच सुरू झालं. मार्जिनवरचं मेण साफ करताना कार्व्हरच्या, म्हणजे मेण कोरायच्या हत्याराच्या, टोकाला मेणाबरोबर पांढरी भुकटी यायला लागली. चांगल्या डायस्टोनवर कार्व्हर घसरतो, बारीक करकर आवाज येतो. इथे तो रुतत होता. शिवाय कालवण व्हायब्रेटरवर (कालवण साच्यात उतरवणाऱ्या थरथरत्या यंत्रावर) धरेपर्यंतच घट्ट व्हायचं, पुढच्या बाजूच्या दातांपर्यंत वाहायचंच नाही.

पावडर सादळली होती, दुसरं काही नाही. प्लास्टर, स्टोन, डायस्टोन हे सगळं जिप्समच. खनिज तापवून त्यातलं तीन-चतुर्थांश पाणी काढलं की ही पावडर होते, आणि पाणी मिळालं की ती पुन्हा जिप्सम व्हायला बघते. ते पाणी नळाचं आहे की हवेतलं, हे तिला कळत नाही. हवेतली आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पावडरीत ही क्रिया आपोआप सुरू होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याखाली येते कधी? आधी जिप्समचे थोडेसे कण तयार होतात, त्यांच्यामुळे कालवण झटपट सेट होतं. पावडर आणखी सादळली की उलट होतं, सेट व्हायलाच वेळ लागतो. ताकद तर जातेच.

स्टोअरमध्ये गेले तर पहिलं उत्तर मिळालं, "मॅडम, तुमच्याकडून पाणी जास्त पडत असेल." मी मेजरिंग सिलिंडरने पाणी घेते आणि पावडर काट्यावर तोलते. 100 ग्रॅम डायस्टोनला 22 ते 24 मिली, त्यापुढे एक थेंब नाही. दुसरं उत्तर, "हा दुसरा स्टोन आहे ना शिल्लक, हाच न्या. स्टोन तो स्टोन." तो टाइप 3 होता, आमचा डायस्टोन टाइप 4! त्याला 28 ते 30 मिली पाणी लागतं. सेट व्हायला लागणारं पाणी खरं तर 18.6 मिलीच. जास्तीचं वाळून जातं आणि मागे छिद्रं राहतात. म्हणून तासाभरानंतर टाइप 3 कडून 20 मेगापास्कलची अपेक्षा असते, टाइप 4 कडून 35 ची. अभ्यासाच्या मॉडेलला टाइप 3 उत्तम, क्राउनच्या डायला नाही. टाइप 5 सुद्धा सुचवून झाला. तो कडक असतो, पण सेट होताना 0.30 टक्क्यांपर्यंत फुगतो. जास्त आकसणाऱ्या धातूंसाठी तो मुद्दाम तसा बनवलेला आहे. आमच्या रोजच्या कामात त्याने क्राउन ढिला होईल.

तिसरं उत्तर म्हणजे तो रकाना. "बॅच नंबर लिहा, नाहीतर अर्ज घेता येत नाही." मी म्हटलं, साहेब, पिशवी तुम्हीच भरलीत. तर म्हणाले, नियम आहे. विभागप्रमुखांची सही घेऊन गेले, तरी तेच. रकाना रिकामा ठेवून दिलेला अर्ज "अपूर्ण" असा शेरा मारून परत आला. तोवर इकडे पेशंटच्या तारखा पुढे ढकलल्या जात होत्या. दूरच्या गावाहून एसटीने येणाऱ्या बाईंना मी काय सांगायचं, की कागदावर एक नंबर नाही म्हणून तुमचा दात झाला नाही?

शेवटी वाट सापडली ती खरेदी विभागात. माल आला की त्याचं चलन येतं, आणि चलनावर बॅच नंबर छापलेला असतो. स्टोअरच्या साठा नोंदवहीत चलनाची तारीख, आणि वाटप नोंदवहीत आमच्या पिशवीची तारीख. दोन्ही जुळवल्या की बॅच एकच निघते. खरेदी विभागातल्या ताईंनी चलनाची झेरॉक्स लगेच काढून दिली. मी नंबर लिहिला, झेरॉक्स जोडली, आणि अर्ज घ्यावाच लागला. तेव्हा जे हायसं वाटलं ते सांगता येणार नाही. हा मार्ग पहिल्याच दिवशी सांगायला स्टोअरला काय हरकत होती, हे मला आजही समजत नाही.

अर्जाबरोबर पुरावा द्याच. मी बाहेरून एक सीलबंद पाकीट आणलं. त्याचा आणि पिशवीतल्या पावडरीचा डाय एकाच रबर बेस मापातून काढला. अ‍ॅडिशन सिलिकॉनचं (रबर बेसचाच एक प्रकार) माप असेल तर त्यात पुन्हा ओतता येतं. पाणी तेच, वजन तेच, हात तोच. कालवणाची चकाकी कधी गेली, म्हणजे ते कधी सेट व्हायला लागलं, ती वेळ दोन्हींची लिहून ठेवली. पिशवीतल्याची खूपच आधी गेली. नंतर दोन्ही डाय विभागप्रमुखांसमोर ठेवून कार्व्हर त्यांच्याच हातात दिला. मार्जिनवर एकदा फिरवल्यावर त्यांनी त्याच बैठकीत शिफारस लिहिली. हाताचा दोष हा विषय तिथे संपला.

कालवायचा वाडगा (बोल) स्वच्छ हवा, हे सांगायचं राहिलं. आधीच्या कालवणाची खपली चिकटलेली असेल तर चांगली पावडरसुद्धा लवकर सेट होते, आणि स्टोअरवाले नेमकं त्यावरच बोट ठेवतील. पाणी आधी, पावडर नंतर.

आमच्या एका तरुण सहकाऱ्याचं म्हणणं होतं की जिप्समच सोडून द्या, इपॉक्सीचे (एका प्रकारच्या रेझिनचे) डाय करा. इपॉक्सीची कड झिजत नाही हे खरं, पण ते सेट होताना आकसतं. प्रिंटरवरचे डाय चांगले निघतात, पण स्कॅनर-प्रिंटर प्रत्येक लॅबकडे नाही. बाजारभाव आणि अचूकपणा दोन्ही बघता माझा भरवसा अजून डायस्टोनवरच आहे, पावडर कोरडी असेल तर.

नंतरच्या मागणीपत्रात मी "एक किलोची सीलबंद पाकिटं, बॅच नंबर व मुदत छापलेली" असं स्पष्ट लिहिलं. ते मंजूर झालं. आता पाकीट फोडलं की उरलेली पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात जाते आणि लेबल कापून डब्यावर चिकटवते. मागणी मेमध्येच टाका, जूनमध्ये नको. आणि तयार मॉडेल भिजवायचं असेल तर नळाखाली धरू नका, जिप्सम पाण्यात थोडं का होईना विरघळतं. ट्रिमरखालचं (मॉडेल घासायच्या यंत्राखालचं) गढूळ पाणी निवळून बाटलीत भरून ठेवा, त्यात बुडवा.