बेचिराख वस्त्यांची वही : पावसाळ्यातली प्रगती

मंडळी, जूनमध्ये टाकायची नोंद श्रावणात टाकते आहे. उशिराचं कारण चांगलं आहे: हरवलेल्या फाँटात लिहिलेलं, जात्यावरच्या ओव्यांचं ते जुनं वेबपान वाचता यायला लागलं. सगळं नाही, पण अकरापैकी दहा ओव्या आता स्वच्छ देवनागरीत माझ्यासमोर आहेत. अकरावीपाशी अडले आहे. त्यासाठी तुमची मदत हवी आहे, ते शेवटी सांगते.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं मागचं. माझे वडील तलाठी होते. त्यांच्या दप्तरात काही गावांपुढे ‘बेचिराख’ असा शेरा असायचा. चिराग म्हणजे दिवा. जिथे संध्याकाळी दिवा लागत नाही ते गाव बेचिराख. गावाला नाव असतं, शीव असते, जमिनीला नंबर असतात, फक्त राहणारं कोणी नसतं. लहानपणी मला त्या गावांचं फार वाटायचं. तिथले लोक एकाच दिवशी उठून गेले की एकेक करून? शेवटचं घर कोणाचं होतं? वडील म्हणायचे, दप्तरात एवढंच लिहितात. दीड वर्षापूर्वी जिओसिटीजच्या, म्हणजे लोकांना फुकट वेबपानं बांधू देणाऱ्या एका बंद पडलेल्या सेवेच्या, जुन्या पानांत शिरले आणि तेच प्रश्न, तसेच्या तसे, परत आले.

मी तिथे ठरवून गेले नव्हते. युजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर, ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ नावाचा गट होता. रोमन लिपीतलं मराठी लोक तेव्हा कसं लिहायचे, कोण ‘आयट्रान्स’ या रोमन लिप्यंतर-पद्धतीच्या नियमांनी आणि कोण मनाला येईल तसं, हे बघायला मी त्यातले नव्वदच्या दशकातले संदेश वाचत होते. (२२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने आपल्या ‘ग्रुप्स’मधून युजनेटवर नवं टाकणं बंद केलं, जुनं अजून वाचता येतं.) १९९७ च्या एका संदेशाखाली सही होती आणि सहीखाली एक पत्ता. जिओसिटीज, नापा व्हॅली, आणि चार आकडी नंबर.

जिओसिटीजची रचना मुळात वस्तीचीच होती. डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी १९९४ मध्ये ती ‘बेव्हर्ली हिल्स इंटरनेट’ या नावाने सुरू केली. फुकट जागा मिळायची, पण आधी मोहल्ला निवडायचा: साहित्य-शिक्षणवाल्यांसाठी अथेन्स, संगणकवाल्यांसाठी सिलिकॉन व्हॅली, आशियाशी संबंध असलेल्यांसाठी टोकियो, खाण्यापिण्यासाठी नापा व्हॅली. मग त्यातला एखादा रिकामा नंबर घ्यायचा आणि घर बांधायचं. याहूने १९९९ मध्ये हे सगळं विकत घेतलं, मोहल्ल्यांचे पत्ते देणं थांबवून सदस्यांच्या नावाचे पत्ते द्यायला सुरुवात केली, आणि २६ ऑक्टोबर २००९ ला अमेरिकेतली सेवा बंद केली. त्याआधीच्या काही महिन्यांत ‘आर्काइव्ह टीम’च्या स्वयंसेवकांनी जमेल तेवढं उतरवून घेतलं, २०१० मध्ये त्यांनी सर्वांसाठी खुला केलेला गठ्ठा सुमारे ६४० जीबीचा होता. जुनी वेबपानं जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे आहे ते वेगळं. आपण जे खोदतो ते या दोन ढिगाऱ्यांत.

तर नापा व्हॅलीतलं ते घर. वर पुरणपोळीची कृती (ही इंग्रजीत), मग उकडीच्या मोदकांसाठी तांदळाची पिठी चिनी दुकानात कोणत्या पाकिटातली घ्यावी याची सूचना, आणि त्याखाली अगम्य चिन्हांचा मोठा चौकोन. चौकोनावर इंग्रजीत लिहिलं होतं की माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या वाचायच्या असतील तर आधी हा फाँट उतरवून घ्या. फाँटची फाइल कोणीच जतन केलेली नाही.

मी आधी शेजार बघितला. ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी असं मला वाटतं. नंबर एकाने वाढवा, एकाने कमी करा. उजवीकडे पावाच्या कृती लिहिणारं एक कुटुंब, डावीकडे ‘काम चालू आहे’ची पिवळी पाटी आणि बाकी काही नाही. पाच घरं सोडून एकाने मिरच्यांच्या जाती मांडल्या होत्या आणि त्याच्या ‘माझे शेजारी’ यादीत आपल्या पुरणपोळीचा दुवा होता! दोन अनोळखी माणसं एकमेकांच्या अंगणात डोकावत होती याचा तो पुरावा. मला त्या दिवशी झालेला आनंद तुम्हाला सांगून कळेल, बाहेर कोणाला सांगितला तर कळत नाही.

वेबरिंगची, म्हणजे एका विषयाची पानं एकापुढे एक जोडणारी कडी मात्र पुढे गेली नाही. ओरेगॉनमधल्या सेज वेल या शाळकरी मुलाने १९९५ मध्ये ती सोय सुरू केली. ‘पुढचं पान’ दाबलं की मधला एक सामायिक सर्व्हर तुम्हाला पुढच्या घरी पोचवायचा. तो सर्व्हर गेला की कडीतली सगळी घरं उभी असूनही वाट संपते. हाताने लिहिलेल्या दुव्यांच्या याद्या टिकल्या. म्हणून शेजार बघा म्हणते.

आता कामाची चूक सांगते, म्हणजे तुमचा आठवडा वाचेल. या पानाच्या तीन नकला आहेत: एप्रिल १९९९, ऑक्टोबर १९९९ आणि ऑगस्ट २००१. एप्रिलच्या नकलेत मला कोपऱ्यात आकाशकंदील दिसला. एप्रिलमध्ये कंदील का? मी त्यावर बरंच काय काय रचलं: दिवाळीनंतर पान लिहिणाऱ्या बाई आजारी पडल्या असतील, पानाकडे बघायला वेळ नसेल. मग पत्त्यातला चौदा आकडी वेळशिक्का नीट वाचला. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. पानाचा शिक्का एप्रिलचा, पण त्यातल्या चित्राचा ऑक्टोबरचा. इंटरनेट आर्काइव्हचं जुनी पानं दाखवणारं वेबॅक मशीन जवळात जवळची उपलब्ध नक्कल जोडून पान उभं करतं; एका पानावरच्या वस्तू एकाच दिवसाच्या असतील असं नाही. आता मी प्रत्येक चित्राचा शिक्का वेगळा नोंदवते. आणि मूळ बाइट हवे असतील तर वेळशिक्क्याला लागून ‘आय-डी’ ही दोन छोटी अक्षरं आणि अधोरेखा घाला; आर्काइव्हची भर न घातलेलं जसंच्या तसं पान मिळतं. ब्राउझरमधून नुसतं कॉपी केलेला मजकूर या कामाला चालत नाही.

फाँटची उकल. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामायिक संकेतप्रणालीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण घरच्या संगणकावर ती सहज दिसायला विंडोज २००० उजाडावं लागलं. तोवर प्रत्येक फाँट म्हणजे एक वेगळी लिपी. कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टंकलेखन केलेल्यांना माहीत असेल: ‘मराठी’ हा शब्द त्यात इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच असा साठवलेला असतो. फाँट असला तर म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. आपल्या पानाचा फाँट कृतिदेवही नाही, शुषाही नाही, सीडॅकच्या योगेशशीही जुळला नाही. कोणीतरी घरी बसून घडवलेला आहे.

मी ‘आहे’पासून सुरुवात केली. ओव्यांच्या आधी दोन परिच्छेद गद्य आहे, आणि मराठी गद्यात पूर्णविरामाच्या आधी काय येतं ते आपल्याला माहीत आहे. सतरा पूर्णविरामांपैकी नऊंच्या आधी एकच चिन्हसमूह होता. त्यातून अ, काना, ह आणि मात्रा मिळाली. मग ‘आणि’. इथे खरी मजा आहे. या फाँटांत अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवतात, उच्चाराच्या क्रमाने नाही. त्यामुळे पहिली वेलांटी ‘ण’च्या आधी येते. युनिकोडमध्ये ती ‘ण’च्या नंतर हवी. शिवाय ‘ण’ हे एक चिन्हच नसतं. अर्धा ‘ण्’ आणि त्याला उभा दंड, आणि तो दंड म्हणजे कान्याचंच चिन्ह. ग, ण, श, ख सगळ्यांचं तसंच. पहिल्या मोजणीत काना इतका जास्त का येतोय हे मला आठ दिवस कळत नव्हतं. तो निम्म्या वेळा काना नव्हताच, अक्षराचा पाठीचा कणा होता.

यापुढे नियम लिहीत गेले. वेलांटी एका पूर्ण जोडाक्षरापलीकडे सरकवायची. रफार उलट, तो अक्षरानंतर येतो, त्याला उचलून आधी ‘र्’ करायचं. एवढं कुठलंही हिंदीचं रूपांतर-साधन करतं. मराठीचं खरं दुखणं पुढे आहे: ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘वाऱ्यावर’. तयार साधनांनी मला ‘दुसर्या’ आणि ‘वार्यावर’ दिलं. आचार्यास आणि आचाऱ्यास यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे, तो असा पुसून कसा चालेल? त्या चंद्रकोरीसारख्या र साठी फाँटमध्ये वेगळं चिन्ह होतं. ते सापडलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी उठून चहा केला. ‘बॅग’सारखा अर्धचंद्र सरळ निघाला. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ॲ’ मात्र युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला. पानात तो अ आणि वर चंद्र असा दोन तुकड्यांचा आहे. शोधायच्या प्रतीत मी तो एक केला, मूळ प्रतीत हात लावला नाही.

ऑर्कुट या गूगलच्या बंद पडलेल्या समाजमाध्यमावरचं असं काही परत मिळेल का, असं मागच्या वेळी दोघांनी विचारलं होतं. माझं मत निराशाजनक आहे. जिओसिटीज सगळ्यांना उघडं होतं, म्हणून परक्या यंत्रांना ते उतरवता आलं. ऑर्कुटवर बरंचसं दाराच्या आत होतं. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं, समूहांच्या चर्चा काही काळ वाचायला ठेवल्या होत्या, मग त्याही गेल्या. म्हणजे १९९९ ची पुरणपोळी आपल्याकडे आहे आणि त्यानंतर आठ-दहा वर्षांनी आपण स्वतः एकमेकांच्या पानांवर लिहिलेले स्क्रॅप नाहीत. कोणाकडे स्वतःच्या खात्याची उतरवलेली प्रत असेल तर दुसरी नक्कल करून ठेवा, आजच.

आणखी एक. पानावर एका विद्यापीठाचा ई-मेल पत्ता आहे. ‘नाव आहे, पत्ता आहे, मग शोधून काढ ना बाईंना,’ असं तुमच्यापैकी काहींनी सुचवलं. मी तसं करणार नाही आणि इथे नावही देणार नाही. त्या बाईंनी हे त्या वेळच्या थोड्या लोकांसाठी लिहिलं होतं. दार उघडं राहिलं म्हणून मी आत आले. पंचवीस वर्षांनी त्यांच्या आत्ताच्या घराची कडी वाजवणं वेगळं. हा माझ्यापुरता नियम आहे, पण मला तो महत्त्वाचा वाटतो.

आता अकरावी ओवी. भावाच्या वाटेकडे डोळे लावलेल्या बहिणीची आहे. दोन ओळींपैकी पहिलीच आहे, आणि खाली गद्यात लिहिलं आहे: आजी गेल्या वर्षी गेली, पुढची ओळ मला आठवत नाही, कोणाला येत असेल तर कळवा. हे वाचता आलं तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

मग ओळ शोधायला निघाले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. आता ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात. तिथे या ओवीच्या जवळपासच्या सुरुवाती मला चार सापडल्या आणि चारींचा शेवट वेगळा. हे तसंच असायचं. दळणारी बाई दुसरी ओळ आपल्या घरची घालते. त्यातली कुठलीही उचलून या आजीच्या तोंडी घालणं मला पटलं नाही. जागा रिकामी ठेवली.

मागच्या आठवड्यात ऑगस्ट २००१ ची नक्कल मूळ बाइटांसह उतरवली. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं होतं, कारण तळाची ‘शेवटचा बदल’ ही ओळ जुनीच आहे. पण फाइल ७३ बाइटांनी मोठी आहे. अकराव्या ओवीखाली एक ओळ वाढली आहे.

उत्तर आलं होतं! कोणीतरी ई-मेलने पाठवलं असणार आणि बाईंनी ते तसंच चिकटवलं असणार. असणार म्हणते, कारण ओळ मोडलेली आहे. अशा फाँटात प्रत्येक खूण म्हणजे ० ते २५५ मधला एक आठ बिटांचा आकडा, आणि तेव्हाच्या ई-मेलमध्ये सात बिटांचाच भरवसा होता. वाटेतला एखादा सर्व्हर आठवा बिट कापायचा. त्यामुळे १२८ च्या वरची प्रत्येक खूण १२८ ने खाली घसरते आणि भलत्याच चिन्हावर जाऊन बसते. या ओळीत वरच्या भागातलं एकही चिन्ह नाही, बाकीच्या दहा ओव्यांत मात्र भरपूर आहेत. म्हणजे प्रत्येक खुणेला दोन पर्याय: आहे ती, किंवा १२८ ने वरची. यमक, ओवीचा तोल आणि शब्दांचा अर्थ धरून मी बहुतेक सोडवल्या. ‘दारी’ नक्की आहे. ‘तुळस’ जवळजवळ नक्की. चौदा खुणा उरल्या आहेत, आणि त्यांतल्या सहांचा वरचा जोडीदार बाकी पानावर कुठेच आलेला नाही, म्हणून तो काय असेल हे मला कळायला मार्ग नाही. १२८ ते १५९ मधल्या खुणा असतील तर त्या न दिसणाऱ्या नियंत्रण-संकेतांवर उतरून गळूनच गेल्या असतील, ही भीती वेगळी.

फाँटची फाइल मिळाली तर हे एका संध्याकाळचं काम आहे. फाँटचं नाव बनवणाऱ्याच्या आडनावावरून आहे म्हणून इथे लिहीत नाही. विचारा, मी कळवते. १९९६ ते २००० च्या सुमारास परदेशात शिकायला किंवा नोकरीला असलेल्या कोणाच्या फ्लॉपीत, जुन्या सीडीत, काढून ठेवलेल्या हार्ड डिस्कच्या फाँट-फोल्डरमध्ये ती असू शकते. डिस्क चालू होत नसली तरी सांगा. गणपतीच्या सुट्टीत माझ्याकडे चार दिवस मोकळे आहेत, मी येऊन बघेन.