८३ अंशांवरून ९३.५ वर: सोलापूरच्या कंट्रोल रूममधली एक रात्र

आमच्या केबल टीव्हीच्या कंट्रोल रूमला चॅनेलांच्या नेटवर्ककडून आलेलं पत्र एका पानाचं होतं आणि त्यातल्या कामाच्या ओळी चारच: नवा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, नवी फ्रिक्वेन्सी, पोलॅरिटी (लहरींची दिशा, आडवी की उभी), सिम्बॉल रेट (माहिती पाठवण्याचा वेग). ८३ अंशांवरचं जुनं प्रक्षेपण आठवडाभर समांतर चालणार आणि शेवटच्या रात्री १२ वाजता बंद होणार. साल २००८, महिना मे. ९३.५ वरचा इन्सॅट-४बी आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये वर गेला होता आणि एका प्रादेशिक नेटवर्कने बिऱ्हाड तिकडे हलवायचं ठरवलं होतं.

अशा बदलात पुण्याला एखादं तेलुगू चॅनेल तासभर गेलं तर कुणी फोन करत नाही. सोलापुरात करतात. पूर्व भागात, विडी घरकुलात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, बाकी मराठी आणि उर्दू. हैदराबादच्या ईटीव्हीने ऑगस्ट १९९५ मध्ये तेलुगूत सुरुवात केली, जुलै २००० मध्ये मराठी काढलं, डिसेंबरात कन्नड. एकाच नेटवर्कच्या तिन्ही भाषा एका गावात रोज पाहिल्या जाणं महाराष्ट्रात विरळा होतं. त्यामुळे इथल्या कंट्रोल रूमला दक्षिणेकडच्या प्रत्येक नेटवर्कची वाढ स्वतःच्या गच्चीवर सोसावी लागायची.

ती वाढ आकाशात कशी दिसते ते आधी सांगायला हवं. एकच चॅनेल असतं तेव्हा ट्रान्सपॉन्डरचा, म्हणजे उपग्रहावरच्या प्रक्षेपकाचा, छोटा तुकडा पुरतो. सिम्बॉल रेट ३३०० आणि एफईसी (चुका दुरुस्त करायला जोडलेल्या जादा माहितीचं प्रमाण) ३/४ असला की सेकंदाला साधारण साडेचार मेगाबिट मिळतात, तेवढ्यात एमपेग-२ पद्धतीने दाबलेलं एक चॅनेल नीट बसतं. चॅनेलं वाढली की नेटवर्क ३६ मेगाहर्ट्झचा अख्खा ट्रान्सपॉन्डर घेतं. सिम्बॉल रेट २७५०० च्या आसपास, एकूण ३८ मेगाबिट, आठ-नऊ चॅनेलं एकाच गठ्ठ्यात. आमच्या पत्रात दोन्ही प्रकार होते: मोठा गठ्ठा हॉरिझॉन्टलवर आणि बातम्यांचं एक सुटं चॅनेल व्हर्टिकलवर. रात्रभराचा ताप त्या सुट्यानेच दिला.

गच्चीवर बारा फुटी जाळीच्या दोन छत्र्या ८३ वर होत्या. एकीवर इतर चॅनेलं, दुसरीवर फक्त हे नेटवर्क. म्हणजे दुसरी फिरवायची होती. जुन्याच छत्रीवर बाजूला दुसरा एलएनबी (छत्रीसमोरचा, सिग्नल पकडणारा डबा) लावून भागवा, असं सुचवणारे नेहमी भेटतात. लहान छत्रीवर, दोन-तीन अंशांच्या फरकाला ते चालतं. बारा फुटी छत्रीचा सी-बँड या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यातला झोत जेमतेम १.४ अंश रुंद असतो. साडेदहा अंश बाजूला बसवलेल्या एलएनबीला फोकसच मिळत नाही, सिग्नल अनेक डेसिबलने पडतो. त्यामुळे आठवडाभर आधी आठ फुटी छत्री तात्पुरती उभी करून ९३.५ वर लावली. बाराच्या तुलनेत ती साडेतीन डेसिबलने कमी पडते, पण गठ्ठा लॉक होतो, म्हणजे रिसीव्हर तो पकडून ठेवतो. मोठी छत्री फिरत असताना घराघरात काळा पडदा दिसू नये, एवढं काम तिचं.

रात्री साडेअकराला प्रक्षेपण आठ फुटीवर घेतलं आणि मोठीचे बोल्ट सैल केले. सोलापूरहून ८३ चा उपग्रह दक्षिणेपासून २२ अंश पूर्वेला, ६८ अंश उंचीवर आहे. ९३.५ चा ४६ अंश पूर्वेला आणि ६१ अंश उंचीवर. म्हणजे छत्री २४ अंश पूर्वेला फिरवून सात अंश खाली आणायची. होकायंत्र लोखंडाजवळ भटकतं, त्यावर विसंबू नये. चार इंची पाइपचा बाहेरचा व्यास ११४ मिलिमीटर असतो, घेर साधारण ३६०. म्हणजे पाइपवर एक मिलिमीटर सरकलं की एक अंश फिरलं. खडूने दोन खुणा केल्या, २४ मिलिमीटर अंतरावर, आणि कॉलर पहिल्या खुणेवरून दुसऱ्या खुणेवर आणली. उंची कोनमापकाने. पाइप ओळंब्यात असेल तरच हा हिशेब खरा ठरतो. वळवाच्या वाऱ्याने पाइप अर्धा अंश कलला असेल, तर फिरवल्यावर उंचीही बदलते. झोताच्या मध्यापासून पाऊण अंश चुकलं की निम्मी शक्ती गेली, आणि बारा फुटी छत्रीच्या काठावर मोजलं तर हा पाऊण अंश म्हणजे अडीच सेंटिमीटरही भरत नाही. बोल्ट आवळताना छत्री एवढी सहज सरकते. म्हणून समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळायचे आणि मीटरवरची नजर काढायची नाही.

मोठा गठ्ठा लॉक झाला. सुटं चॅनेल मात्र हाती येईना. मीटरवर सिग्नल भरपूर, क्वालिटी शून्य. केबल बदलली, कनेक्टर बदलला, रिसीव्हरही बदलला. दोष एलएनबीच्या कोनात होता. उपग्रह आपल्या रेखांशापासून जितका दूर, तितका एलएनबी त्याच्या नळीत जास्त वळवावा लागतो. सोलापुरात ८३ साठी हा कोन २१ अंश, ९३.५ साठी ४३. छत्री फिरली तरी एलएनबी जुन्याच कोनात घट्ट होता. २२ अंशांच्या चुकीने हवा असलेला सिग्नल अर्ध्या डेसिबलहून थोडाच जास्त घटतो, म्हणून मीटर खुशीत दिसतो. पण दुसऱ्या पोलॅरिटीचा सिग्नल आठच डेसिबल खाली राहून आत शिरतो. हॉरिझॉन्टलच्या गठ्ठ्यावर समोरच्या पोलॅरिटीत तेवढी ताकद नव्हती, म्हणून तो तरला. सुट्या चॅनेलच्या नेमकं डोक्यावर दुसऱ्या कुणाचा भरलेला ट्रान्सपॉन्डर बसला होता. एलएनबी त्याच बाजूला आणखी २२ अंश वळवला आणि क्वालिटी लगेच वर आली.

तेवढ्यात पूर्व भागातून लाईनमनचा फोन: “साहेब, तेलुगूच्या जागी कन्नड चाललंय. अण्णा लोक उठून बसलेत.”

चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, भाषा भलतीच. रिसीव्हर चॅनेलला नावाने ओळखत नाही, सर्व्हिस आयडी नावाच्या आकड्याने ओळखतो. समांतर प्रक्षेपणाच्या आठवड्यात आकडे जुनेच होते. १२ वाजता जुनी बाजू बंद करताना नेटवर्कने नव्या गठ्ठ्यात दोन चॅनेलं वाढवली आणि आकडे नव्याने लावले. आमच्या रिसीव्हरना जुना आकडा सापडला नाही, तेव्हा त्यांनी यादीतलं पहिलं चॅनेल उचललं. पत्रात याबद्दल अक्षर नव्हतं. उपाय सोपा, पण हाताने करायचा: प्रत्येक रिसीव्हरवर पुन्हा स्कॅन, योग्य सर्व्हिस निवडून सेव्ह, मग वीज घालवून पुन्हा लावून पाहायची. सेव्ह न करता सोडलं तर पहिल्याच लोडशेडिंगनंतर कन्नड परत येतं. नव्या आकड्यांसाठी रिसीव्हरमधल्या, चॅनेल उघडणाऱ्या कार्डांना परवानगीही नव्याने लागली. ती उपग्रहावरूनच येते, त्यामुळे रिसीव्हर लॉक ठेवून थांबण्याशिवाय इलाज नसतो. या काळात चॅनेल बदलत बसलं की परवानगीचा संदेश निसटतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सुटं चॅनेल पुन्हा गेलं. या वेळी कोन बरोबर होता. साध्या एलएनबीचा ५१५० मेगाहर्ट्झचा आतला दोलक तापला की एक-दोन मेगाहर्ट्झ सरकतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यातली पत्र्याशेजारची गच्ची त्याला पुरेशी आहे. २७५०० च्या रुंद गठ्ठ्याला त्याचं काही वाटत नाही. ३३०० चा सिग्नल मुळात साडेचार मेगाहर्ट्झ रुंद, रिसीव्हर त्याला शोधतोही थोड्याच टप्प्यात. फ्रिक्वेन्सी हाताने एक मेगाहर्ट्झ सरकवली की दुपार निभते, पण रात्री गार झाल्यावर तेच उलट्या बाजूने. तिथे पीएलएल एलएनबीच, म्हणजे तापला तरी फ्रिक्वेन्सी न सरकणारा, लावावा लागतो, आणि माझ्या मते सुट्या चॅनेलच्या प्रत्येक छत्रीवर तो पहिल्या दिवसापासून असायला हवा.

राहिली नेटवर्कने वाढवलेली ती दोन चॅनेलं. रिसीव्हरवर ती छान दिसत होती, पण मॉड्युलेटरसाठी (चॅनेल केबलवर चढवणाऱ्या यंत्रासाठी) मोकळी जागा उरली होती ती ३०० मेगाहर्ट्झच्या वर, हायपरबँडमध्ये. मागवाल्यांच्या घरांतले जुने संच तिथवर पोचतच नाहीत. खालच्या बारा जागांसाठी आधीच भांडणं होती आणि तिथे बसायचं तर नेटवर्कला कॅरेजचे, म्हणजे चॅनेल केबलवर दाखवण्याचे, पैसे मोजावे लागत. त्यांच्या माणसाला तसं कळवलं. त्याने हेड ऑफिसला विचारून सांगतो म्हटलं, आणि तोवर आम्ही दोन्ही चॅनेलं हायपरबँडमध्ये चालू ठेवली.