हेलिओस, ॲडॅप्टर आणि ०.१२ मिलिमीटर

माझ्याकडची हेलिओस ४४-२ ही सोव्हिएत काळातली ५८ मिमी एफ/२ लेन्स, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्याची. झाइस या जर्मन कंपनीच्या जुन्या बायोटार लेन्सवर बेतलेली. माणसांचे फोटो इतके सुरेख काढते की मी तिच्या प्रेमातच आहे. पण सोनीच्या कॅमेऱ्याला लावली की दूरचं काही शार्प येईना. गच्चीवरून सिंहगडावरचा टॉवर धरायचा, रिंग अगदी शेवटपर्यंत फिरवायची, तरी टॉवर धूसरच. शिवाय लेन्स माउंटवर, म्हणजे कॅमेऱ्यावर ती बसते त्या जागी, किंचित हलायची.

ज्याला विचारावं तो म्हणायचा, लेन्स खोलून इन्फिनिटी, म्हणजे अगदी दूरचा फोकस, सेट करून घे. मला ते पटेना. इतकी वर्षं नीट चाललेल्या लेन्सला हात लावण्याआधी तिला कॅमेऱ्याशी जोडणारा मधला स्वस्तातला ॲडॅप्टर तपासायला नको का?

हिशोब साधा आहे. हेलिओसचा माउंट एम४२, म्हणजे ४२ मिमी व्यासाच्या आट्यांचा. त्यात लेन्स टेकते ती कड सेन्सरपासून ४५.४६ मिमीवर असावी लागते. सोनी ई माउंटमध्ये हेच अंतर १८ मिमी. फरक २७.४६. ॲडॅप्टरची जाडी तेवढीच हवी. त्यात काच नसते, नुसती पोकळ धातूची कडी, त्यामुळे तिचं माप हाच तिचा सगळा गुण.

भोसरीत एका मित्राचं वर्कशॉप आहे. त्याच्या मायक्रोमीटरवर कडेकडेने फिरवत मोजलं. सगळीकडे २७.५८च्या आसपास. सगळीकडे सारखं आलं याचं समाधान वाटलं, कारण एका बाजूला जास्त भरलं असतं तर लेन्स तिरकी बसून फोटोची एक बाजू मऊ पडली असती.

०.१२ मिमी ऐकायला काहीच नाही. पण फोकल लेंग्थचा वर्ग भागिले जादा जाडी केलं की लेन्स कुठपर्यंत फोकस करेल ते कळतं. ५८चा वर्ग ३३६४, भागिले ०.१२, म्हणजे साधारण २८ मीटर. त्यापलीकडचं सगळं जग या लेन्सच्या हाताबाहेर. २८ मिमीची लेन्स असती तर साडेसहा मीटरवरच गाडी अडली असती.

आधी पुढची आट्यांची रिंग पाहिली. ती कडेने तीन बारीक, बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूंनी धरलेली असते. स्क्रू ढिले करून रिंग तळाशी पूर्ण टेकवली, आणि त्याच वेळी थोडी फिरवून लेन्सवरची अंतराची खूण बरोबर वर आणली. (खूण कुशीवर गेलेली असेल तर तीही अशीच सरळ होते.) जाडी मात्र तेवढीच राहिली.

मग मागची बायोनेट प्लेट, म्हणजे कॅमेऱ्यात अडकते ती, काढली. तिचे चार स्क्रू सैल झाले होते, हलण्याचं कारण तेच. इथे स्क्रू ड्रायव्हर नेमक्या मापाचाच हवा. दाब जास्त, पीळ कमी. नाहीतर स्क्रूचं डोकं खाल्लं जातं आणि मग खरा वैताग सुरू होतो.

प्लेटला हात लावला नाही, कारण तिच्यावर मुलामा असतो. घासला तो तिच्याखालचा ॲल्युमिनियमचा काठ. जाड काचेवर हजार नंबरचा पॉलिश पेपर, वर पाण्याचे दोन थेंब. ॲडॅप्टर उपडा ठेवून इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने फिरवायचा, मधून मधून पाव वळण द्यायचं म्हणजे एकीकडे जास्त झिजत नाही. थोडं घासायचं, पुसायचं, मोजायचं. हे काम घाईचं नाहीच. उलट ॲडॅप्टर पातळ निघाला असता तर प्लेटखाली पितळी शिमचा, म्हणजे पातळ पट्टीचा, तुकडा पुरला असता. बोहरी आळीत अशा पट्ट्या मिळतात.

२७.४४ला थांबलो. मुद्दामच केसभर कमी, कारण उन्हाळ्यात धातू फुगतो आणि इन्फिनिटीच्या थोडं पलीकडे जाता येणं केव्हाही बरं. नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवला. ॲल्युमिनियमची पूड सेन्सरवर गेली तर फार महागात पडेल. स्क्रू आवळून प्रत्येकाच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका दिला.

टॉवर पुन्हा धरला, ॲपर्चर पूर्ण उघडं, स्क्रीनवर चित्र मोठं करून. पीकिंगच्या, म्हणजे फोकस झालेल्या कडा दाखवणाऱ्या, रंगीत रेघांवर इथे विसंबू नये, त्या फार उदार असतात. रिंग शेवटाला पोचायच्या जरा आधीच टॉवरची जाळी लख्ख दिसली.

त्यानंतर टाकुमार या दुसऱ्या एम४२ लेन्ससाठी आणखी एक ॲडॅप्टर घेतला. तो आधी मायक्रोमीटरखाली गेला: २७.४०. हा तसाच वापरतोय.