जेसीबी येते, मग बॉबकॅट किती दिवसांत येईल?

चिऱ्यांच्या खाणीवरची, रस्त्याच्या कामावरची मुलं हे नेहमी विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: पुढे-मागे नेणं आणि बकेट भरणं आठवड्याभरात हाताला बसतं. वेळ जातो तो जेसीबीची सवय मोडायला.

जेसीबीत माणूस बाजूने चढतो. स्किड स्टीअरमध्ये (हा छोटा लोडर, आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा असला तरी बॉबकॅटच) तुम्ही बकेट उचलणाऱ्या दोन आर्मच्या मधे बसता आणि बकेटवरून, समोरूनच आत शिरता. आर्म खाली आला तर वाटेत तुम्हीच असता. म्हणून आर्म वर असताना चढायचं नाही, उतरायचं नाही, डोकं किंवा हात केबिनबाहेर काढायचा नाही. उतरताना बकेट जमिनीला सपाट टेकवा, पार्किंग ब्रेक लावा, इंजिन बंद करा, सीट-बार (मांडीवर येणारा दांडा) उचला, लिव्हर हलवून सगळं लॉक झालंय याची खात्री करा आणि मगच पट्टा सोडा. आर्मखाली काम करायचंच असेल तर कंपनीने दिलेला आर्मचा आधार लावूनच. लाकडाचा ठोकळा किंवा चिरा चालणार नाही.

सीट-बार वर केला की आर्म आणि चाकं लॉक होतात. रोज सकाळी हे तपासा: मोकळ्या जागेत पट्टा लावून, इंजिन चालू ठेवून बार वर करा आणि लिव्हर हळूच हलवा. काही हललं तर मशीन कामाला लावू नका. किनाऱ्यावर ही तपासणी चुकवून चालतच नाही, कारण खाऱ्या हवेने सीट-बारच्या सेन्सरचे कनेक्टर हिरवे पडतात. मशीन मधेच अडायला लागतं, आणि मग कोणीतरी वायर जोडून सेन्सरच बाद करतो. काम सुरू होतं, जीव वाचवणारी गोष्ट मात्र गेलेली असते. कनेक्टर साफ करा, नाही जमलं तर बदला. बायपास कधीच नाही.

आता वजन. रिकामी बकेट असताना जड बाजू मागची, कारण इंजिन मागे आहे. भरली की जड बाजू पुढची. जड बाजू नेहमी चढाकडे ठेवायची. म्हणजे रिकामं मशीन चढावर रिव्हर्समध्ये न्यायचं आणि उतरताना पुढे तोंड. भरलेलं असेल तर चढताना पुढे तोंड, उतरताना रिव्हर्स. मागे फार कमी दिसतं, म्हणून हेल्परला मशीनच्या मागे उभं करू नका. उतारावर आडवं जाऊ नका, वळू तर अजिबात नका. बकेट जमिनीपासून वीतभरच वर ठेवा.

भाराचा आकडा पाटीवर असतो. चाकांच्या मशीनला तो पलटी होण्याच्या भाराच्या निम्मा धरतात. म्हणजे 1400 किलोला मागची चाकं उचलली जात असतील तर 700 किलोच भरायचे. आता गणित करा: 0.4 घनमीटर बकेट कोरड्या मातीने भरली तर साधारण साडेपाचशे किलो होतात, पण जुलैतल्या भिजलेल्या तांबड्या मातीने तीच सातशेच्या वर जाते. बकेट तीच, माती तीच, पण पावसात भार पाटीवरच्या आकड्याबाहेर जातो. पावसाळ्यात बकेट पाऊणच भरा.

एका बाजूची दोन्ही चाकं साखळीने बांधलेली असतात. वळायला स्टीअरिंग नाही. एका बाजूची चाकं दुसरीपेक्षा वेगळ्या गतीने फिरतात आणि टायर घसटतात. जांभ्यावर जागच्या जागी गरगर फिरवलं की टायर झपाट्याने झिजतात, ओल्या कातळावर मशीन सरकतं. थोडं पुढे, थोडं मागे करत वळा. लिव्हरचा पॅटर्न (कुठला लिव्हर काय करतो) मशीनप्रमाणे बदलतो, तेव्हा दुसऱ्याचं मशीन घेताना आधी स्टिकर वाचा.

बकेट बदलल्यावर दोन्ही लॉकची हँडलं पूर्ण खाली गेली का आणि पिना खालच्या भोकांतून बाहेर आल्या का, ते डोळ्यांनी पाहा. मग बकेट पुढे झुकवून तिची धार जमिनीवर दाबा; फट पडली तर ती बसलेली नाही. तेल गळत असेल तर होसवर (तेलाच्या रबरी नळीवर) हात फिरवू नका: दाबाने आलेली बारीक धार कातडीत शिरते आणि त्यानंतर सरळ हॉस्पिटलच. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून गळती शोधा.

शिकायला सपाट, मोकळं मैदान घ्या, इंजिन कमी वेगावर ठेवा. आधी रिकामी बकेट, मग निम्मी. उतार सगळ्यात शेवटी.